चढावर जोर दिला की चेन सटकते: दुकानातल्या स्टँडवर न सापडणारा दोष

महात्मा सोसायटीतल्या शेवटच्या चढावर मी उभी राहून पायडल मारत होते. उजवा पाय एकदम खाली गेला. खट्ट असा आवाज आला, गुडघा हँडलवर आपटला आणि सायकल डावीकडे झुकली. मागून स्कूटरवर दुधाच्या पिशव्या घेऊन एक जण येत होता, त्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं. हे पहिल्यांदा. पुढच्या दीड वर्षात हाच प्रकार आणखी दोनदा परत आला, आणि तिन्ही वेळा कारण निराळं निघालं. लक्षण मात्र तेच: सपाटीवर सगळं सुरळीत, चढावर जोर दिला की चेन सटकते.

मी कोथरूडला राहते. सकाळची फेरी ठरलेली: पौड रोडवरून एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) रस्त्याने टेकडी चढायची, खाली उतरून महात्मा सोसायटीच्या गल्ल्या, तिथून चांदणी चौक, बावधन, पाषाण, आणि वेळ उरला तर सूसपर्यंत. रविवारी कधी सहकारनगरहून तळजाई. पुणं नदीकाठी साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा 800 च्या आसपास, त्यामुळे शहराच्या पश्चिमेकडे कुठल्याही वस्तीत शिरलं तरी चढ वाट अडवून उभा असतोच.

वस्तीतला चढ घाटापेक्षा वेगळा असतो, हे आधी समजून घ्यावं लागतं. कात्रज किंवा बोपदेव चढताना गिअर लागला की लागला, मग बसून एका लयीत चढत राहायचं. गल्लीतला चढ दोन-तीनशे मीटरचा, पण पायथ्याशी काटकोनात वळण, वळणावर गतिरोधक आणि गतिरोधक ओलांडला की थेट उभा रस्ता. वेग आधीच संपलेला असतो. गिअर हलका करायला उसंत मिळत नाही, कारण समोरून कुणीतरी मोटार मागे घेत असतं. मग आपण उभे राहतो आणि सगळं वजन पायडलवर टाकतो. चेनवर सगळ्यात जास्त ताण नेमका त्याच क्षणी येतो.

किती ताण येतो? माझं वजन 60 किलो. क्रँकची, म्हणजे पायडल ज्या दांड्यावर बसतं त्याची, लांबी 170 मिमी. पुढच्या 34 दात्यांच्या छोट्या चेनरिंगची (पायडलपाशी असलेल्या दातेरी चक्राची) त्रिज्या साधारण 69 मिमी भरते. उभं राहून सगळं वजन आडव्या क्रँकवर टाकलं की चेन जवळजवळ 150 किलोच्या जोराने ताणली जाते. तोच पाय 50 दात्यांच्या मोठ्या चेनरिंगवर टाकला, तर हा आकडा शंभराच्या आसपास राहतो. म्हणजे चढासाठी आपण छोटी चेनरिंग घेतो तेव्हा पायाला आराम मिळतो, पण त्याच वजनाला चेन दीडपट ओढली जाते. सपाटीवर महिनोन्‌महिने लपलेला दोष चढावर उघडा पडतो तो यामुळे.

आणि दुकानात तो सापडत नाही, तोही यामुळेच. पहिल्या वेळी मी सायकल एका दुकानात नेली. त्यांनी ती स्टँडवर टांगली, हाताने पायडल फिरवत आठही गिअर लावून दाखवले. सगळे लोण्यासारखे बसत होते. वायरचा ताण जरा बदलला, ट्यूनिंगचे पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर पुन्हा खट्ट. मी परत गेले, पुन्हा स्टँड, पुन्हा सगळं ठीक. तिसऱ्यांदा तर "मॅडम, तुम्ही गिअर चुकीचा टाकताय" असं ऐकावं लागलं. हाताने फिरवताना चेनवर फार तर दोन-चार किलोचा ताण येतो. दीडशे किलोला सुटणारी चेन तिथे कशी सुटेल?

म्हणून पहिलं सांगणं हे, की कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी दोष नक्की कधी येतो ते टिपा. मी गिअरच्या वायरचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर इतक्या वेळा इकडेतिकडे फिरवला होता की मूळची जागा कुठली तेच कळेना. तसं करू नका.

आधी दोन भलतेच संशयित बाजूला काढू

पावसाळ्यात चढावर पाय एकदम सुटला, तर दर वेळी चेनचा दोष नसतो. टेकडीच्या कडेच्या रस्त्यांवर जुलैनंतर हिरवट शेवाळ धरतं, वरून मुरूम वाहून येतो, झाडाखाली कुजका पालापाचोळा साचतो. उभं राहिल्यावर वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि जागच्या जागी घसरतं. पायाला ते चेन सुटल्यासारखंच वाटतं. फरक आवाजात आहे. टायर घसरला तर सर्र असं होतं आणि सायकलचा मागचा भाग हलतो. चेन सुटली तर धातूचा खणखणीत आवाज येतो आणि चाक जिथल्या तिथे राहतं.

दुसरा संशयित म्हणजे मागच्या चाकाचं क्विक रिलीज, म्हणजे चाक चौकटीत आवळून धरणारी लिव्हर. ते सैल असेल तर जोर दिल्यावर चाक चौकटीत तिरकं ओढलं जातं, कॅसेटची (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) रेषा हलते आणि चेन उडते. हे तपासायला दहा सेकंद लागतात. लिव्हर बंद करताना तळहातावर तिचा वळ उठायला हवा, इतपत घट्ट. पंक्चर काढून चाक परत बसवल्यानंतर दोष सुरू झाला असेल तर आधी इथेच पाहा.

सपाटीवर चढ कसा आणायचा

रहदारीच्या चढावर उभं राहून चेन सुटते का ते बघणं धोक्याचं आहे. मी ते आता करत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर, सीटवर बसून, दोन्ही हात हँडलवर ठेवून मागचा ब्रेक हलका दाबून धरायचा आणि त्याविरुद्ध पायडलवर जोर द्यायचा. चढासारखा ताण चेनवर येतो. पुढे छोटी चेनरिंग ठेवून मागची एकेक चकती अशी तपासत जायचं. ब्रेक फार वेळ धरून ठेवू नका, तीन-चार फेऱ्या पुरतात. घरच्या अंगणातही एक सोपी चाचणी होते: सायकलच्या शेजारी उभं राहून दोन्ही ब्रेक घट्ट धरायचे, क्रँक आडवा ठेवायचा आणि एका पायाने पायडलवर वजन टाकायचं. झिजलेल्या चकतीवरून चेन चढताना डोळ्यांना दिसते.

हे करताना मी तीन गोष्टी लिहून ठेवते. कुठल्या चकतीवर सुटते? दर किती फेऱ्यांनी सुटते? आणि सुटल्यावर चेन शेजारच्या चकतीवर गेलेली असते की त्याच चकतीवर राहते? या तीन उत्तरांत बहुतेक निदान होऊन जातं.

पहिली वेळ: चेन नवी, कॅसेट जुनी

माझ्या सायकलवर तेव्हा 11-28 ची आठ चकत्यांची कॅसेट होती, दात्यांची संख्या अशी: 11, 13, 15, 17, 19, 21, 24, 28. चेन सुटायची ती फक्त 17 आणि 19 वर, आणि शेजारच्या चकतीवर न जाता तिथल्या तिथे एक दाता पुढे उडी मारायची. बाकी सहा चकत्या ठणठणीत होत्या. दोनच चकत्यांवर दोष असेल तर वायर, हँगर (तो काय ते पुढे येईल) यांचा संशय जवळजवळ संपतो. ती झीज असते. सपाटी आणि लहान चढ यांवर आपण मधल्याच चकत्या वापरतो, म्हणून त्या आधी जातात.

पण हे कळायच्या आधी मी चेन बदलून घेतली होती, आणि दोष कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. नवी चेन लावल्यावर जास्त सुटते, हे ऐकून पुष्कळ जण चेनलाच नावं ठेवतात. खरं कारण असं: चेनच्या प्रत्येक पिनेपाशी थोडी झीज होते, शंभरेक कड्यांची झीज मिळून चेन लांबते. लांबलेली चेन दात्याच्या मुळाशी न बसता वर सरकून बसते आणि दात्यांनाही आपल्या मापाने घासून घेते. दोघं एकमेकांच्या सवयीने कसेबसे चालत राहतात. त्यात नव्या मापाची चेन आली की ती त्या घासलेल्या दात्यांत बसतच नाही.

चेन मोजायला स्टीलची साधी फूटपट्टी पुरते. चेन ताणलेली असताना एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं. नव्या चेनमध्ये 24 कड्या मोजल्यावरची पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/16 इंच, म्हणजे दीड मिमी पुढे गेली असेल तर अर्धा टक्का झीज. 1/8 इंच पुढे असेल तर एक टक्का. अकरा-बारा चकत्यांच्या सायकलला अर्ध्या टक्क्यालाच चेन बदलावी, आठ ते दहाच्या सायकलला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. एक टक्का ओलांडला की कॅसेटही गेली असं धरून चालायचं. माझी जुनी चेन कपाटात होती, ती काढून मोजली तर 1/8 इंचाच्याही पुढे. सात हजार किलोमीटर मी ती एकदाही मोजली नव्हती.

कॅसेट बदलली आणि दोष गेला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फूटपट्टी काढते. कॅसेटच्या मानाने चेन स्वस्त असते; ती वेळेत बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात. पुण्याच्या बांधकामांची धूळ तेलात मिसळली की तिचा घासपेपरच होतो, म्हणून चेन पुसल्याशिवाय वरून तेल ओतायचं नाही. आधी कोरड्या फडक्याने पुसायची, मग एकेका कडीवर एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं.

दुसरी वेळ: पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. या वेळी वहीतली उत्तरं वेगळी होती. जवळजवळ सगळ्या चकत्यांवर कधी ना कधी सुटत होती, आणि सुटल्यावर चेन शेजारच्या चकतीवर जाऊन बसायची किंवा तिकडे जायला धडपडत टकटक करायची. शिवाय मोठ्या चकतीकडे गिअर पटकन जायचा, पण लहान चकतीकडे यायला एक-दोन फेऱ्या उशीर.

हा उशीर फार मोलाचा दुवा आहे. मोठ्या चकतीकडे जाताना बोट वायर ओढतं, तिथे बोटाचा जोर घर्षणावर मात करतो. लहान चकतीकडे येताना डिरेलरच्या, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगने वायर परत ओढायची असते, आणि वायर आत अडकत असेल तर स्प्रिंगचं चालत नाही. माझ्या आठ गिअरच्या शिफ्टरमध्ये (हँडलवरच्या गिअर बदलायच्या कळीत) एका क्लिकला वायर जेमतेम 2.8 मिमी सरकते आणि तेवढ्यात डिरेलरला 4.8 मिमी हलून पुढच्या चकतीखाली पोचायचं असतं. वायर अर्धा मिमी जरी अडकली तरी डिरेलर जवळजवळ एक मिमी चुकीच्या जागी उभा राहतो. सपाटीवर तेवढं खपतं. चढावर जोराने चौकट किंचित पिळली जाते आणि चेन ठरवून टाकते की आपण शेजारी जायचं.

अडकते कुठे? मागच्या डिरेलरपाशी वायरच्या बाहेरच्या नळीचं जे शेवटचं वळण असतं, तिथे. पावसाचं पाणी चौकटीवरून वाहत येऊन बरोबर तिथे थांबतं. माझी नळी काढून हलवली तर आतून तांबूस पाणी गळलं. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी वायर आणि नळी दोन्ही बदलली आणि शिफ्टरच्या तोंडाशी वायरचे तुटलेले दोन धागे दाखवले. आणखी पंधरा दिवसांत ती वायर शिफ्टरच्या आतच तुटली असती आणि तुकडे काढायला अख्खा शिफ्टर उघडावा लागला असता. आता दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास मागची वायर आणि नळी बदलते. नुसती वायर बदलून जुनी नळी ठेवू नका, गंज नळीत असतो.

वायर नवी घातल्यावरच ट्यूनिंगला अर्थ आहे. बॅरल अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरीच फिरवायचा. बाहेरच्या दिशेने सोडला की वायर ताणली जाते आणि डिरेलर मोठ्या चकतीकडे सरकतो. गोंधळ उडाला तर थांबा, मूळ जागेवर या.

तिसरी वेळ: पार्किंग

तिसऱ्यांदा चेन, कॅसेट, वायर सगळं नवं होतं. मी अगदी रडकुंडीला आले होते. 28 च्या मोठ्या चकतीवर टकटक, ती घालवावी तर 13 वर टकटक, मधे कुठे तरी ठीक. एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक बिघडतं, हे लक्षण वाकलेल्या हँगरचं. हँगर म्हणजे डिरेलर ज्याच्यावर टांगलेला असतो तो अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, धक्का बसला तर तो वाकावा आणि चौकट वाचावी म्हणून.

सायकल पडली तर नव्हतीच. मग आठवलं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती भिंतीला टेकवलेली असते आणि शेजारच्या स्कूटर काढताना कुणीही ती उजव्या बाजूने ढकलतं. मागून बघितलं तर डिरेलरचा पिंजरा (छोटी चाकं बसवलेला त्याचा भाग) खाली चाकाच्या आऱ्यांकडे झुकलेला दिसला. सरळ हँगरचा पिंजरा चकत्यांच्या रेषेत लोंबतो. असा वाकलेला असताना सगळ्यात हलका गिअर लावला, तर पिंजरा आऱ्यांत अडकून चाक, डिरेलर आणि माणूस तिघंही जायबंदी होऊ शकतात. म्हणून हे कळलं की सायकल चालवत घरी जाऊ नका, हातात धरून न्या. दुकानात हँगर सरळ करायचं लांब दांड्याचं अवजार असतं. एकदा सरळ होतो, फार तर दोनदा. मी दुसरा हँगर आणून ठेवला आहे, कारण तो चौकटीच्या मॉडेलनुसार वेगळा असतो आणि ऐन वेळी मिळत नाही. सायकल आता घरात, गॅलरीत. मोटारीत आडवी ठेवायची झाली तर डाव्या अंगावर.

मला न आलेली, पण सोबत चढणाऱ्यांना आलेली आणखी दोन कारणं आहेत. एक आखडलेली कडी. चेन जोडताना पिन जास्त दाबली गेली की ती कडी वळत नाही. तिची खूण म्हणजे ठरावीक ताल: 34 दात्यांच्या चेनरिंगवर चेनची एक प्रदक्षिणा पायडलच्या तीन फेऱ्यांपेक्षा थोडी जास्त असते, तेव्हा दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला टक्‌ होतं. पायडल उलटं फिरवत डिरेलरच्या छोट्या चाकांकडे बघितलं की ती कडी उडताना दिसते. बोटांनी आडवी वाकवून मोकळी होते. दुसरं कारण फ्रीहबचं, म्हणजे मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्याचं. त्यात चेन जागची हलतच नाही, चकत्यांसकट सगळं एकदम पुढे फिरतं, कुठल्याही गिअरमध्ये, कसलाही ताल नाही. आतले खटके घाणीने किंवा जाड ग्रीसने चिकटलेले असतात. असं झालं तर त्या दिवशी पुढे एकही चढ नको.

मुळात उभं का राहावं लागतं

तिसऱ्या दुरुस्तीनंतर मला वाटलं, की मी प्रत्येक गल्लीत उभी का राहते याचाही विचार करायला हवा. 34-28 वर, म्हणजे पुढे 34 आणि मागे 28 दात्यांवर, पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 2.55 मीटर पुढे जाते. चढावर माझा वेग ताशी 7 किलोमीटर असेल, तर मिनिटाला 46 फेऱ्याच होतात. इतक्या संथ फेऱ्यांत बसून जोर लागत नाही, माणूस उभा राहतोच. मी कॅसेट 11-32 ची घेतली. आता एका फेरीत 2.23 मीटर, त्याच वेगाला 52 फेऱ्या. आकड्यात फरक लहान दिसतो. गुडघ्याला तो फार मोठा आहे, आणि महात्मा सोसायटीचा चढ आता मी बसून चढते. शेवटचा गिअर वापरणं म्हणजे कमीपणा असं मानणारे बरेच आहेत, त्यांच्याशी मी मनापासून असहमत आहे. तो चढासाठीच दिलेला आहे.

मोठी कॅसेट घेण्याआधी आपला डिरेलर किती दात्यांपर्यंत चालतो ते बघा. उदाहरणार्थ, शिमानो 105 च्या आर7000 मालिकेत आखूड पिंजऱ्याचा डिरेलर 30 दात्यांपर्यंत आणि लांब पिंजऱ्याचा 34 पर्यंत घेतो. चेनही लांब लागते.

गिअर बदलायचा तो वळणाआधी. गतिरोधकाच्या दहा-बारा मीटर अलीकडे, अजून वेग असतानाच, पुढची छोटी चेनरिंग आणि मागची मधली चकती घेऊन ठेवायची. वळल्यावर बदलावाच लागला तर एक जोरदार फेरी मारून थोडा वेग घ्या, पुढची अर्धी फेरी पाय अगदी हलका ठेवा आणि तेव्हाच लिव्हर दाबा.

दुकानात जाताना मी आता हँडलला एक चिठ्ठी अडकवते. पहिल्या वेळी ती असती तर त्यावर असं लिहिलं असतं: "पुढे छोटी चेनरिंग. मागे मोठीकडून चौथी आणि पाचवी चकती. फक्त जोर दिल्यावर. ताल नाही. चेन त्याच चकतीवर राहते. कृपया स्टँडवर न बघता चालवून बघा." काकांनी अशी चिठ्ठी पहिल्यांदा वाचली तेव्हा सायकल स्टँडवर न टांगता ते फूटपट्टी घेऊन खाली बसले.